टॉर्चचे वजन बारा सेकंद

कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. उंची 1646 मीटर. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून मळलेली वाट, अवघड कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या आणि माथ्यावर देवीचे छोटेखानी मंदिर. शनिवारी रात्री शेवटची कसारा लोकल धरायची, जीपने बारी गाठायचे, पहाटे अंधारात चढायला सुरुवात करायची आणि दुपारच्या पिठलं-भाकरीला पुन्हा पायथ्याशी यायचे, असा बेत आता सर्रास आखला जातो. नाशिककर तर सकाळी घरातून निघून संध्याकाळी घरी असतात.

अशा झटपट ट्रेकला निघालेल्यांच्या पाठीकडे पाहिले की दोन टोके दिसतात. एकाच्या हातात फक्त पाण्याची बाटली असते, कारण ‘हलके राहिले तर पटपट चढता येते’. दुसऱ्याच्या पाठीवर हिमालयाला निघाल्यासारखी भरगच्च सॅक असते, कारण ‘असू दे, लागले तर’. दोघांनीही एक साधी गोष्ट केलेली नसते: सामानाचे वजन करून त्याची वेळेत किंमत काढलेली नसते. ती काढली की काय न्यायचे आणि काय घरी ठेवायचे, याचा निम्मा निकाल आपोआप लागतो.

वजनाची किंमत

डोंगर चढायला किती वेळ लागेल याचा एक जुना ठोकताळा आहे. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नायस्मिथ याने तो 1892 मध्ये मांडला. दर 3 मैलांना एक तास आणि दर 2000 फूट चढाईला आणखी एक तास. आपल्या मापात साधारण 5 किलोमीटरला एक तास आणि 600 मीटर चढाईला एक तास. बारी गाव ते कळसूबाईचा माथा हे अंतर पाच-सहा किलोमीटरचे आणि चढाई सुमारे साडेआठशे मीटरची. हिशेब अडीच तासांच्या आसपास येतो, तोही न थांबता, बऱ्यापैकी दमसास असलेल्या माणसाचा.

आता वजन. अंगावरच्या कपड्या-बुटांसह आणि सॅकसह आपण 75 किलोचे आहोत असे धरू. चढताना मुख्य काम हे सगळे वजन वर उचलण्याचे. तेवढीच ताकद लावली तर वजन जितके टक्के वाढेल, साधारण तितकेच टक्के वेळ वाढेल. 100 ग्रॅम म्हणजे 75 किलोचा साडेसातशेवा भाग. अडीच तास म्हणजे 9000 सेकंद. त्याचा साडेसातशेवा भाग 12 सेकंद.

कपाळावर बांधायचा टॉर्च, म्हणजे ट्रेकर मंडळींचा हेडटॉर्च, सेलसह शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर भरतो. तो सोबत नेला तर कळसूबाईच्या माथ्यावर आपण बारा सेकंद उशिरा पोहोचू. पावसाळी जॅकेट 300 ग्रॅमचे असेल तर छत्तीस सेकंद. एक लिटर पाणी म्हणजे दोन मिनिटे. हा हिशेब ढोबळ आहे, पण एवढे नक्की कळते की अडचणीत जीव वाचवणाऱ्या वस्तूंनी वेग मारला जात नाही. वेग मारला जातो तो कॅमेऱ्याच्या जड लेन्सने, स्टीलच्या तीन पुडांच्या डब्याने आणि पाचजणांनी पाच ठिकाणी आणलेल्या त्याच त्या चिवड्याने.

म्हणून झटपट ट्रेकची सॅक भरताना विचार अडीच तासांच्या चढाईचा करू नये. बेत फसला, कुणाचा पाय मुरगळला, वाट चुकली, तर डोंगरावर जे जादा पाच-सहा तास काढावे लागतील त्यांचा करावा.

पाणी: सॅकमधला सर्वांत जड आणि सर्वांत गरजेचा ऐवज

75 किलो वजन 850 मीटर वर चढवायला सुमारे 150 किलोकॅलरी एवढे काम होते. पण स्नायू काही शंभर टक्के कार्यक्षम नसतात. खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेपैकी साधारण पाव हिस्साच कामाला येतो, उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे चढण्यासाठी शरीर सहाशे किलोकॅलरी खर्च करते आणि त्यातल्या साडेचारशेंची निव्वळ उष्णता बनते. ही उष्णता बाहेर टाकायचा मुख्य मार्ग घाम. एक ग्रॅम घामाची वाफ होताना जेमतेम 0.58 किलोकॅलरी उष्णता जाते. साडेचारशेला 0.58 ने भागले तर पाऊण लिटरहून अधिक घाम होतो. त्यात ऊन, दमट हवा, वाफ न होताच ठिबकून जाणारा घाम आणि उतरण्याचे तास धरले तर दोन लिटर पाणी ही हिवाळ्यातली किमान गरज ठरते. ऑक्टोबरच्या उन्हात किंवा मार्चनंतर तीन लिटर न्यावे.

कळसूबाईच्या माथ्याखाली विहीर आहे आणि सुट्टीच्या दिवशी वाटेवर लिंबू-सरबताच्या टपऱ्याही लागतात. पण आडवारी टपऱ्या बंद असतात आणि उन्हाळ्यात डोंगरावरच्या पाण्याचा भरवसा नसतो. पायथ्याशी बाटल्या भरून घ्याव्यात आणि वर मिळाले तर ते जादाचे समजावे. टाक्यातले किंवा विहिरीतले पाणी प्यायची वेळ येईल म्हणून क्लोरीनच्या गोळ्यांची एक पट्टी ठेवावी. तिचे वजन मोजण्याइतकेही नसते.

घामाबरोबर मीठही जाते. तासन्‌तास नुसते साधे पाणी ढोसत राहिले तर रक्तातले सोडियम पातळ होत जाते आणि मळमळ, डोकेदुखी, गळून गेल्यासारखे वाटणे सुरू होते. त्यासाठी ओआरएसची दोन पाकिटे हवीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एका लिटरच्या पाकिटात 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि 2.9 ग्रॅम सोडियम सायट्रेट असते, एकूण साडेवीस ग्रॅम. आतड्यात ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन आत जाते आणि त्यांच्या मागोमाग पाणी शोषले जाते, ही त्यामागची युक्ती. 1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच साध्या द्रावणाने हजारोंना जगवले.

एक खबरदारी मात्र घ्यावी. लिटरचे पाकीट लिटरभर पाण्यातच घालावे. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण पाकीट ओतले तर द्रावण दुप्पट घट्ट होते आणि फायद्याऐवजी पोट बिघडते. पाकीट विकत घेताना त्यावर डब्ल्यूएचओचे सूत्र लिहिले आहे का, तेही पाहावे. दिसायला सारखी पण साखरेने भरलेली पेये बाजारात असतात. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे घरचे माप चालते. चमचा चहाचा.

खाणे: थोडे थोडे, चालता चालता

स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर काही तास पुरते, पण वेगाने चढताना ती झपाट्याने उतरते. तासाला तीसेक ग्रॅम कर्बोदके पोटात जात राहिली तर मध्येच पाय गळत नाहीत. तीस ग्रॅम म्हणजे चार-पाच खजूर किंवा एक मोठे केळे. खाणे निवडताना बघायचे ते वजन आणि पचन. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक किलोकॅलरी असतात, तेवढ्याच केळ्यात नव्वदच्या आसपास. पण शेंगदाण्यांतले तेल पचायला वेळ लागतो. म्हणून चढताना खजूर, गूळ, राजगिऱ्याची वडी आणि माथ्यावर बसल्यावर शेंगदाणे, चिक्की, तिखट-मिठाच्या पुऱ्या किंवा दशम्या अशी वाटणी सोयीची. दुधात भिजवलेल्या दशम्या दिवसभर मऊ राहतात आणि लोणच्याबरोबर पाण्याशिवायही घशाखाली उतरतात.

काकडीत जवळजवळ सगळे पाणीच असते, म्हणून ती जड खरी, पण उन्हाळ्यात ते वजन वाया जात नाही. वेफर्सची फुगलेली पाकिटे मात्र टाळावीत. ती जागा खातात, तहान वाढवतात आणि त्यांचा कचरा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मागे राहतो. सॅकमध्ये एक रिकामी पिशवी आपल्याच कचऱ्यासाठी असावी.

सगळे खाणे सॅकच्या तळाशी गेले तर ते कुणी काढत नाही. दोन तासांत लागेल तेवढे पँटच्या किंवा सॅकच्या पट्ट्यावरच्या खिशात ठेवावे.

कपडे: थांबल्यावरची थंडी

चढताना शरीर भट्टीसारखे तापलेले असते. माथ्यावर टेकलो की भट्टी विझते, पण घामाने भिजलेला बनियन अंगावरच असतो. दर 1000 मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे माथा पायथ्यापेक्षा पाच-सहा अंशांनी गार. त्यात वारा. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून ओला कपडा अंगातली ऊब अक्षरशः खेचून घेतो. सुती टी-शर्ट पाणी धरून ठेवतो आणि तासभर वाळत नाही. खेळाडू वापरतात तसा पॉलिस्टरचा टी-शर्ट भराभर सुकतो. जीन्स तर नकोच. ती भिजली की जड होते आणि गुडघा वर उचलताना अडते.

पावसाळ्यात, विशेषतः रविवारी, कळसूबाईच्या शिड्यांपाशी रांग लागते. वेगाने चढून आलेला माणूस तिथे भिजलेल्या कपड्यांत, वाऱ्यात, अर्धा-अर्धा तास उभा राहतो. दात वाजायला लागतात ते इथे. शरीराचे तापमान 35 अंशांखाली गेले तर त्याला हायपोथर्मिया म्हणतात आणि तो होण्यासाठी बर्फ लागत नाही. पाऊस, वारा, रिकामे पोट आणि थकवा एवढे पुरते. बोटे आखडणे, बोलताना जीभ अडखळणे, उगाच चिडचिड ही त्याची सुरुवातीची लक्षणे. उपाय सोपे आहेत: आडोसा, कोरडे कपडे, खाणे आणि गरम पेय. पण कोरडे कपडे सॅकमध्ये असले तरच.

म्हणून एक कोरडा टी-शर्ट आणि पातळ फ्लीस प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून न्यावे. वर टोपीवाले पावसाळी जॅकेट. पोंचो स्वस्त असतो आणि सॅकही झाकतो, पण शिडीवर वाऱ्याने तो फडफडतो आणि पावलाखालची पायरी दिसेनाशी होते. छत्रीला तर तिथे एक हात अडकवावा लागतो, जो शिडीच्या कठड्यावर हवा असतो.

उजेड आणि मोबाईल

आपल्याकडे सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत अंधार होतो. दाट झाडीत त्याहून आधी. मोबाईलचा टॉर्च आहेच की, असे म्हणणाऱ्याने एकदा घरच्या जिन्यावर एका हातात मोबाईल धरून, दुसऱ्या हाताने कठडा पकडून, पाठीवर सॅक घेऊन उतरून पाहावे. शिडीवर दोन्ही हात मोकळे लागतात. शिवाय अंधारात अडकल्यावर मोबाईलची बॅटरी फोन करण्यासाठी राखायची असते.

डोंगरात रेंज येते-जाते आणि मोबाईल रेंज शोधण्यातच चार्ज संपवतो. चालताना फ्लाइट मोड ठेवावा. नकाशा आणि वाटेची नोंद आदल्या रात्री घरीच उतरवून घ्यावी. जीपीएस रेंजशिवाय चालते. पॉवरबँक लहान, एकदा पूर्ण चार्ज करण्याइतकी पुरे. सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला शिट्टी बांधावी. मिनिटाला सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा, ही गिर्यारोहकांची मदतीची खूण आहे. ओरडून घसा बसतो, शिट्टी बसत नाही. धुक्यात तर तिचा आवाज वाट दाखवतो.

औषधांची पिशवी

डबा नको, एक लहान झिपची पिशवी पुरते. क्रेप बँडेज, चिकटपट्ट्या, जखम धुवायचे जंतुनाशक, पॅरासिटामॉल, ॲलर्जीची गोळी, ओआरएस आणि स्वतःची नेहमीची औषधे. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडांवर ताण आणतात, त्या डोंगरावर सहज म्हणून घेऊ नयेत. हिमालयात विरळ हवेसाठी नेतात त्या गोळ्यांचे इथे काम नाही. उंचीचा त्रास साधारण 2500 मीटरच्या वर सुरू होतो. कळसूबाईवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 82 टक्के असतो आणि निरोगी माणसाला तेवढा फरक बाधत नाही.

सह्याद्रीचे खरे धोके वेगळे. पहिला आग्या मोहोळाचा. कड्याला लटकलेली ही पोळी धुराने, उग्र वासाने किंवा कुणी मारलेल्या दगडाने उठतात. अत्तर, डिओडरंट घरीच ठेवावे, अंगभर कपडे घालावेत. माश्या उठल्याच तर तोंड झाकून लांब पळावे. जागेवर बसून राहू नये. दुसरा धोका सापाचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर एकच सामायिक लस मिळते, पण ती रुग्णालयात. करकचून पट्टी आवळणे, चिरणे, विष चोखणे यातले काहीही करू नये. अवयव हलू न देता माणसाला उचलून खाली आणावे आणि 108 ला फोन करावा.

शेवटी साठ ग्रॅमची चंदेरी घडी, म्हणजे स्पेस ब्लँकेट. जखमी माणसाला वाऱ्यात तासभर थांबवायची वेळ आली तर तिची किंमत कळते.

पाय, काठी आणि सॅकची रचना

पायातले वजन पाठीवरच्या वजनापेक्षा कित्येक पट महागात पडते, कारण ते प्रत्येक पावलाला उचलावे लागते. म्हणून उंच घोट्याचे अवजड बूट झटपट ट्रेकला नकोत. ओल्या कातळावर आणि घसाऱ्यावर पकड धरणारा मऊ रबराचा तळवा महत्त्वाचा. अ‍ॅक्शनचे साधे ट्रेकिंग शूज सह्याद्रीतल्या भटक्यांनी वर्षानुवर्षे वापरले ते त्याच गुणासाठी. नवे कोरे बूट मात्र थेट डोंगरावर नेऊ नयेत.

दम चढताना लागतो, गुडघे उतरताना बोलतात. उतरणीवर मांडीचे स्नायू ताणत ताणत ब्रेक लावत असतात, आणि दुसऱ्या दिवशीचे दुखणे त्यामुळेच येते. घडीची काठी हा भार बराच कमी करते. शिडी आली की ती मिटून सॅकला आडवी नव्हे, उभी बांधावी.

सॅकमध्ये जड वस्तू, म्हणजे पाणी, पाठीला लागून आणि खांद्यांच्या पात्यांच्या उंचीला ठेवाव्यात. तळाशी कोरडे कपडे, सर्वांत वर जॅकेट आणि टॉर्च. बाहेर लोंबकळणारे काहीही नको. लटकलेली बाटली शिडीवर अडकते किंवा सुटून खालच्याच्या डोक्यावर जाते. सॅकचे रेनकव्हर वाऱ्याने उडू शकते, म्हणून आतून एक जाड मोठी प्लॅस्टिकची पिशवी लावून मग सामान भरावे.

एकूण वजन किती?

रिकामी सॅक 700 ग्रॅम, पाणी अडीच किलो, खाणे 600, जॅकेट 300, कोरडे कपडे 400, टॉर्च 100, औषधे 200, स्पेस ब्लँकेट 60, पॉवरबँक आणि केबल 250, टोपी, शिट्टी, चाकू, पिशव्या मिळून 200. बेरीज 5 किलो 310 ग्रॅम. त्यातले जवळजवळ निम्मे पाणी, जे उतरेपर्यंत पोटात गेलेले असते. जॅकेट, कोरडे कपडे, टॉर्च, औषधे आणि ब्लँकेट या पाच जीवरक्षक वस्तूंचे वजन 1060 ग्रॅम. वेळेत मोजले तर दोन मिनिटे. टपरीवरचा एक चहा याहून जास्त वेळ घेतो.

‘गावातली पोरे स्लिपर घालून, हात हलवत माथ्यावर जातात’ असा मुद्दा नेहमी निघतो. खरे आहे. नवरात्रातल्या जत्रेत तर आबालवृद्ध देवीला चढून जातात. पण गावकऱ्याला वाट पाठ असते, हवेचा रंग ओळखता येतो आणि अडले तर हाकेच्या अंतरावर त्याचे माणूस असते. आपल्याजवळ यांपैकी काही नसते. त्याची भरपाई सॅकला करावी लागते.

वळवाच्या दिवसांत, म्हणजे एप्रिल ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये, दुपारनंतर विजा कडाडतात. उघडा माथा आणि लोखंडी कठडे ही त्या वेळी सर्वांत वाईट जागा. त्यावर सॅकमधली कुठलीही वस्तू चालत नाही, फक्त घड्याळ चालते. त्यामुळे परत फिरायची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी आणि माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी ती पाळावी. कुठल्या वाटेने चढणार, किती वाजता उतरणार हे घरच्या एका माणसाला सांगून निघावे, आणि महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांक मोबाईलमध्ये आधीच साठवून ठेवावा. येत्या शनिवारी सॅक भरली की एकदा वजनकाट्यावर ठेवा. काटा सहा किलोंच्या पुढे गेला तर काहीतरी काढा. पण काढताना हात टॉर्चकडे आणि कोरड्या कपड्यांकडे जाऊ देऊ नका.